वही सर्वांची, मत कोणाचे?

शाळेच्या भित्तिपत्रकावर कोणता मजकूर लावायचा हे ठरवण्याची पद्धत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. विद्यार्थ्यांचे एक छोटे संपादक मंडळ असते, एखादे शिक्षक मार्गदर्शक असतात आणि आलेल्या वीस-पंचवीस लेखांतून सहा-सात निवडले जातात. ज्याचा लेख मागे राहिला तो विद्यार्थी मधल्या सुट्टीत येऊन ‘माझा का नाही घेतला?’ असे विचारतो आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. निवड चुकीची असेल, पक्षपाती असेल. पण निवडणारा माणूस समोर असतो.

इंटरनेटवर हा माणूस दिसत नाही. नववीच्या वर्गाला ‘ग्रहणांविषयी माहिती शोधून आणा’ असे सांगितले, की तीस मुलांपैकी पंचवीस मुले पडद्यावर सर्वांत वर दिसणारे दोन-तीन लेख किंवा चित्रफिती पाहून येतात. त्या वर का होत्या? फेसबुकने २००९ मध्ये मजकूर आधी-नंतर या क्रमाने दाखवण्याऐवजी लोकप्रियतेच्या क्रमाने दाखवायला सुरुवात केली. यूट्यूबने २०१२ पासून, प्रेक्षक चित्रफीत किती वेळ पाहत राहतो, याला महत्त्व दिले. ट्विटरनेही २०१६ मध्ये आपला क्रम गणिती सूत्राच्या हाती सोपवला. ही सूत्रे त्या त्या कंपनीची असतात, आणि ‘माझा का नाही घेतला?’ हे विचारायला मधली सुट्टी नसते.

ही सत्ता कंपन्यांच्या हातून काढून वाचकांच्या हाती द्यावी, आणि त्यासाठी ब्लॉकचेन हे तंत्र वापरावे, असा विचार गेली काही वर्षे मांडला जात आहे. विचार आकर्षक आहे. लोकशाही, पारदर्शकता, श्रमाचा मोबदला असे सगळे चांगले शब्द त्यात येतात. शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तो तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो नुसता विचार राहिलेला नाही. ‘स्टीम’ या नावाने तो २०१६ मध्ये प्रत्यक्षात आला, चालला, आणि २०२० मध्ये त्याचे काय झाले हेही जगाने पाहिले. प्रस्तुत लेखात या एका प्रयोगाची परीक्षा करावयाची आहे.

‘मागील पानावरून पुढे’

प्रथम ब्लॉकचेन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शाळेची रोजकीर्द ज्यांनी लिहिली आहे त्यांना ते समजायला अवघड नाही. रोजकीर्दीच्या प्रत्येक पानाच्या शेवटी बेरीज असते आणि पुढचे पान ‘मागील पानावरून पुढे’ असे म्हणून त्याच बेरजेने सुरू होते. कोणी मागच्या एखाद्या पानावरची रक्कम बदलली, तर त्या पानाची बेरीज बदलते, म्हणून पुढच्या पानाची सुरुवात चुकते, आणि चूक अशी शेवटच्या पानापर्यंत जाते.

ब्लॉकचेनमध्ये पानाऐवजी ‘ब्लॉक’ असतो आणि बेरजेऐवजी ‘हॅश’ नावाची एक ठरावीक लांबीची संख्या असते. बेरजेत एक उणीव आहे: एका नोंदीत दहा रुपये वाढवून दुसरीत दहा कमी केले, तर बेरीज तीच राहते. हॅशमध्ये अशी लबाडी चालत नाही. मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हॅश पूर्णपणे वेगळा येतो, आणि हवा तो हॅश येईल असा खोटा मजकूर तयार करणे व्यवहारात अशक्य असते. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश लिहिलेला असल्यामुळे त्यांची साखळी तयार होते.

ही कल्पना आभासी चलनांच्या आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटवण्यासाठी अशी साखळी सुचवली होती. पुढे त्यांच्या पद्धतीतील हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातीच्या रूपाने छापले जाऊ लागले. हजारो घरांत पोहोचलेला अंक परत गोळा करून बदलणे कोणाला शक्य होणार? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्याने या साखळीत आणखी एक गोष्ट आणली: वहीची एकच प्रत ठेवण्याऐवजी असंख्य संगणकांवर तिच्या प्रती ठेवायच्या, आणि पुढचे पान कोणी लिहायचे याचा नियम सर्वांनी मिळून पाळायचा. त्यातून २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले.

तेव्हा ब्लॉकचेनचे खरे सामर्थ्य एवढेच आणि हेच आहे: एकदा केलेली नोंद गुपचूप बदलता येत नाही, आणि वही एकाच्या कपाटात नसते. हे सामर्थ्य कमी लेखू नये. पण त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद मुख्याध्यापकांनाही सहजासहजी बदलता येत नाही. त्या रजिस्टरवरून मूल कधी दाखल झाले हे खात्रीने कळते. ते काय शिकले हे कळत नाही.

स्टीमची रचना

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी मार्च २०१६ मध्ये स्टीम सुरू केले. त्यावर ‘स्टीमिट’ हे संकेतस्थळ चालत असे. कोणीही लेख लिहावा, इतरांनी त्याला मत द्यावे, आणि मतांच्या प्रमाणात लेखकाला ‘स्टीम’ नावाच्या आभासी नाण्यांत मोबदला मिळावा, अशी योजना होती. मोबदल्यासाठी नवी नाणी सतत पाडली जात, आणि लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांत त्याचा हिशोब पूर्ण होई. लेख, मते, मोबदला या सर्वांची नोंद ब्लॉकचेनवर होत असे. ती कोणालाही पाहता येई.

या योजनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली अशी, की मताचे वजन माणसागणिक नव्हे तर नाण्यांगणिक ठरत असे. आपली नाणी ‘स्टीम पॉवर’ म्हणजे शक्तीच्या रूपात गुंतवून ठेवायची. जितकी शक्ती अधिक तितके मत जड. दुसरी अशी, की चांगला लेख वेचून काढणे हेही काम आहे, म्हणून मोबदल्याचा काही भाग मत देणाऱ्यांनाही द्यायचा. बराच काळ लेखकाला तीन-चतुर्थांश आणि मत देणाऱ्यांना एक-चतुर्थांश अशी वाटणी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती निम्मी-निम्मी झाली.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की बिटकॉइनवर विजेच्या प्रचंड वापराबद्दल जी टीका होते ती येथे लागू नाही. स्टीमवर दर तीन सेकंदांनी नवा ब्लॉक लिहिला जातो, आणि तो लिहिण्याचे काम सदस्यांनी निवडून दिलेल्या थोड्या ‘साक्षीदारां’कडे असते. आकडेमोडीची शर्यत नसल्याने वीज फारशी लागत नाही.

खेकड्यांची गोष्ट

स्टीमच्या श्वेतपत्रिकेत आपल्या ओळखीची एक गोष्ट भेटते. समुद्रकाठी एक माणूस खेकड्यांची बादली घेऊन बसला आहे. बादलीला झाकण नाही. कारण एक खेकडा वर चढू लागला की बाकीचे त्याला खाली ओढतात. ही गोष्ट आपण मराठी माणसे इतक्या वेळा स्वतःवरच सांगतो, की ती आपलीच आहे असे वाटते. श्वेतपत्रिकेत मात्र ती कौतुकाने येते. तिचे म्हणणे असे: या पद्धतीचा गैरफायदा घेणारे असणारच, त्यांना पुरते थांबवण्याचा हट्ट धरू नये. बादलीला झाकण लावले तर नवे खेकडे आत येणे अवघड होईल. त्यापेक्षा कडा निसरड्या ठेवाव्यात आणि एकमेकांना ओढण्याची ताकद खेकड्यांच्याच हाती द्यावी. म्हणून स्टीममध्ये जसे वाढवणारे मत होते, तसे मोबदला कमी करणारे उणे मतही होते.

युक्तिवाद चतुर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. गोष्टीतले सर्व खेकडे साधारण एकाच आकाराचे असतात. म्हणूनच दोघे-तिघे मिळून एकाला ओढू शकतात. स्टीमच्या बादलीतील खेकडे तसे नव्हते. सुरुवातीच्या दिवसांत, फारसा गाजावाजा झालेला नसताना, नाण्यांचा मोठा भाग कंपनीकडे आणि तिच्या जवळच्या थोड्या लोकांकडे गेला. मोठ्या धारकांना सदस्य ‘देवमासे’ म्हणत आणि नवख्यांना ‘लहान मासोळ्या’. देवमाशाला खाली ओढायला किती मासोळ्या लागतील? उलट देवमाशाचे एक उणे मत नवख्याच्या आठवड्याभराच्या मेहनतीचा मोबदला शून्यावर आणू शकत असे. मग मासोळ्यांनी उणे मत वापरणे जवळजवळ सोडून दिले, तर त्यात नवल ते काय!

सुरुवातीच्या नियमाने ही विषमता आणखी वाढवली. लेखाला मिळालेल्या एकूण वजनाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मोबदला मिळत असे. हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. समजा, अकरा लेख आहेत. एका लेखाला १०० वजनाची मते मिळाली आणि उरलेल्या दहांना प्रत्येकी १०. एकूण वजन २००. सरळ प्रमाणात वाटले तर पहिल्याला ५० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ५ टक्के मिळतील. आता वर्ग करू. पहिल्याचे १०,०००, इतरांचे प्रत्येकी १००, म्हणजे दहांचे मिळून १,०००. एकूण ११,०००. पहिल्याला सुमारे ९१ टक्के, आणि इतरांना प्रत्येकी एक टक्काही नाही. मतांचे वजन तेच, वाचक तेच. केवळ घातांक १ चा २ झाला.

या वर्गामागेही एक हेतू होता. लहान धारकाने स्वतःच्याच लेखाला मत देऊन पैसे मिळवू नयेत, म्हणून एकट्याच्या छोट्या मताची किंमत मुद्दाम नगण्य ठेवली होती. जून २०१७ मध्ये हा नियम बदलून सरळ प्रमाण आणले गेले. विषमता थोडी कमी झाली. पण ज्या रोगावर वर्ग हे औषध होते तो रोग उसळला. स्वतःला मत देणे आता सरळसरळ फायद्याचे झाले. एवढेच नव्हे, तर मते विकणारे स्वयंचलित कार्यक्रम निघाले: अमुक नाणी पाठवा, तमुक वजनाचे मत मिळवा. सर्वांत वर दिसणारा लेख हा वाचकांनी निवडलेला आहे की लेखकाने पैसे भरून चढवलेला आहे, हे वरवर पाहून सांगता येईना. जाहिरात आणि निवड यांतील भेद मिटला, आणि तोही अशा व्यवस्थेत, जी जाहिरातदारांच्या हातून निवड सोडवण्यासाठी निघाली होती.

वाचणे की अंदाज बांधणे?

मत देणाऱ्यालाही मोबदला द्यावा, ही कल्पना शिक्षकांना पटण्याजोगी आहे. वाचन हेही श्रमच आहेत. पण मोबदला नेमका कशाला मिळत होता ते पाहिले पाहिजे. जो लेख पुढे लोकप्रिय होणार आहे त्याला इतरांच्या आधी मत देणाऱ्याला अधिक वाटा मिळे. म्हणजे बक्षीस लेखाच्या गुणाची पारख करणाऱ्याला नव्हते, तर इतर लोक काय करतील याचा अचूक अंदाज बांधणाऱ्याला होते.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये शेअरबाजाराचे वर्णन करताना वृत्तपत्रातील एका स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. ज्याची निवड सर्वांच्या सरासरी निवडीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत शहाणा माणूस स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल असे इतरांना वाटेल, याचा विचार करत बसतो. स्टीमवर हेच काम यंत्रांनी हाती घेतले. प्रसिद्ध लेखकाचा लेख येताच, त्यातील एक ओळही न वाचता, आपोआप मत टाकणारे कार्यक्रम तयार झाले. घाई रोखण्यासाठी पहिल्या ३० मिनिटांत दिलेल्या मताचा लाभ कमी करण्याचा नियम होता. तेव्हा यंत्रे घड्याळ पाहून मत देऊ लागली.

या प्रत्येक मताची नोंद ब्लॉकचेनवर बिनचूक आहे. कोणी, कधी, किती वजनाचे मत दिले ते कोणालाही पडताळता येते. त्याने तो लेख वाचला होता का, हे मात्र जगातील कोणतीही वही सांगू शकत नाही. नोंद खरी असणे आणि नोंदलेली गोष्ट खरी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा भेद कधीही विसरू नये. तापमापीचा आकडा वहीत कितीही सुवाच्य अक्षरांत लिहिला, तरी तापमापीच चुकीची असेल तर त्या अक्षराचा काय उपयोग?

२०२० चा वसंत

येथपर्यंतचे दोष नियम सुधारून कमी करता येतील असे कोणी म्हणेल. २०२० मध्ये जे झाले त्याने मूळ प्रश्नालाच हात घातला.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या आभासी चलनाचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीबरोबर तिच्याकडील नाणीही आली. ती एकूण नाण्यांच्या सुमारे पाचवा हिस्सा होती. ही नाणी विकासकामासाठी आहेत, साक्षीदार निवडण्यासाठी नाहीत, असे कंपनीने पूर्वी सांगितले होते, अशी जुन्या सदस्यांची भूमिका होती. तसा नियम मात्र साखळीत कोठेही नव्हता. म्हणून तेव्हाच्या साक्षीदारांनी एकत्र येऊन आज्ञावलीत बदल केला आणि ही नाणी गोठवली.

उत्तर मार्चच्या सुरुवातीस आले. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तीन मोठ्या चलनबाजारांकडे ग्राहकांनी ठेवलेली स्टीमची नाणी होती. त्या ठेवींच्या बळावर मते दिली गेली आणि पहिल्या २० साक्षीदारांच्या जागा काही तासांत पालटल्या. मोठा गाजावाजा झाल्यावर बायनान्सने आपली मते मागे घेतली. पण ज्यांची नाणी होती त्या ग्राहकांना कोणी विचारलेही नव्हते, ही गोष्ट त्याने पुसली गेली नाही.

हे इतक्या सहज कसे झाले? येथेही गणित आहे. प्रत्येक खात्याला ३० उमेदवारांना मत देता येते, आणि त्याच्या नाण्यांचे पूर्ण वजन प्रत्येक उमेदवाराला मिळते. समजा, एका गटाकडे ५१ आणि दुसऱ्याकडे ४९ नाणी आहेत. पहिल्या गटाच्या वीसही उमेदवारांना प्रत्येकी ५१ वजन मिळेल, दुसऱ्याच्या वीसही उमेदवारांना प्रत्येकी ४९. जागा वाटल्या जातील त्या १० आणि १० अशा नव्हे, तर २० आणि ० अशा. नागरिकशास्त्राच्या तासाला निवडणूक पद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

शेवटी २० मार्च २०२० रोजी जुन्या सदस्यांपैकी अनेकांनी सगळी आज्ञावली आणि सगळ्या जुन्या नोंदी उचलून ‘हाइव्ह’ नावाची वेगळी साखळी सुरू केली. तीत स्टीमिट कंपनीच्या खात्यांना नाणी दिली नाहीत. इकडे मूळ स्टीमवर मे महिन्यात नवा बदल आला आणि ६४ खात्यांतील सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी काढून घेण्यात आली. ‘येथे तुमची मालमत्ता कोणी हिरावू शकत नाही’ हे ज्या तंत्राचे ब्रीद, तेथे तीन महिन्यांत दोन्ही बाजूंनी विरोधकांच्या नाण्यांवर हात टाकला. साखळी एकदाही तुटली नाही, हॅश एकदाही चुकला नाही. प्रत्येक पाऊल नियमाप्रमाणे नोंदले गेले.

प्रश्न मोजणीचा आहे

मग माणसागणिक एक मत असे का ठेवले नाही? कारण इंटरनेटवर माणसे मोजता येत नाहीत. एक मनुष्य हजार खाती उघडू शकतो. जॉन डूसर यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की ओळख पटवणारी विश्वासाची मध्यवर्ती संस्था नसेल, तर अशा बनावट खात्यांना व्यवहारात पुरता आळा घालणे शक्य नाही. अशी संस्था आणावी तर मध्यवर्ती सत्ता आली. ती नको म्हणून तर सगळा खटाटोप. तेव्हा ब्लॉकचेनवाले माणसांऐवजी अशी वस्तू मोजतात जिच्या फुकट प्रती काढता येत नाहीत. ती म्हणजे पैसा.

माझ्या मते या सर्व प्रयोगाचे मर्म येथे आहे. ‘लोकांना नियंत्रण’ या घोषणेतील ‘लोक’ हा शब्द यंत्रात शिरताना गळून पडतो आणि त्याच्या जागी ‘नाणी’ येतात. ही कोणाची लबाडी नव्हे. अडचण खरी आहे. पण ती वाचकांपासून लपवू नये. भागधारकांच्या सभेत प्रत्येक शेअरला एक मत असते, आणि तिला कोणी ग्रामसभा म्हणत नाही. सहकारी संस्थेत सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच असते. महाराष्ट्रात सहकाराचे पाणी जिरलेल्या कोणालाही हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. आपली सहकारी मते नेहमी निर्मळ असतात असे नाही. पण तेथे निदान सभासदांची यादी असते आणि तिच्यावर हरकत घेता येते.

दुसरीही एक गोष्ट शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. न पुसता येणारी नोंद हा गुण मानला जातो. पण चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या नावानिशी काही भाबडे किंवा चुकीचे लिहिले, आणि ते पुढे काढून टाकावेसे वाटले तर? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो आणि न पुसली जाणारी वही यांचा मेळ कसा घालायचा? शिकणाऱ्याला चुकण्याचा हक्क हवा, आणि चूक मागे टाकण्याचाही.

जमेची बाजू, आणि दुसऱ्या वाटा

जमेच्या बाजूला दोन गोष्टी मांडल्या पाहिजेत. पहिली अशी, की वर सांगितलेले सगळे गैरप्रकार आपल्याला माहीत आहेत ते त्या उघड्या वहीमुळेच. बंद सूत्राने चालणाऱ्या कंपनीत काय घडते ते बाहेरच्याला असे मोजून दाखवता येत नाही. दुसरी अशी, की हाइव्हचे लोक आपले सर्व जुने लेखन घेऊन बाहेर पडू शकले. घर सोडताना सामान बरोबर नेता येणे ही लहान गोष्ट नव्हे. फेसबुकवरून उठून अशी वस्ती हलवणे कोणाला जमले आहे?

पण हे दोन्ही गुण नाण्यांवाचूनही मिळू शकतात. विकिपीडियाचे उदाहरण घ्या. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे. त्यातील प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ कोणालाही उघडून पाहता येतो: कोणता शब्द कोणी, केव्हा बदलला. वादासाठी चर्चापान आहे. तेथेही हटवादी लोक असतात, कंपूही असतात. पण मुद्दा मांडावा लागतो, विकत घेता येत नाही. आणि सगळा मजकूर उचलून वेगळा विकी सुरू करण्याची मुभा परवान्यातच दिलेली आहे.

दुसरी वाट ब्लूस्काय या समाजमाध्यमाने २०२३ मध्ये दाखवली. तेथे मजकूर निवडणारे सूत्र वाचकाला बदलता येते. कोणीही स्वतःचे सूत्र तयार करून इतरांना वापरायला देऊ शकतो: एखादे फक्त पक्षिनिरीक्षणाचे, एखादे फक्त आधी-नंतर या क्रमाचे. ज्याला जे पटेल ते त्याने निवडावे. सर्वांनी मिळून एकच यादी ठरवायची आणि त्यासाठी मतांची लढाई करायची, हा आग्रहच येथे सोडून दिला आहे. हे जाळे अजून बरेचसे एका कंपनीच्या आधाराने चालते, ही त्याची उणीव. शिवाय ज्याला फक्त स्वतःच्या मताचेच वाचायचे आहे त्याची सोयही यात होते. तरीही निवडीचे नियंत्रण लोकांना द्यायचे असेल, तर ते ‘एका यादीवर अनेकांची मते’ याऐवजी ‘अनेक याद्यांतून प्रत्येकाची निवड’ अशा रीतीने देता येते, हा विचार मला अधिक आशादायक वाटतो.

चिंचोक्यांचा खेळ

हा विषय संगणकाशिवायही वर्गात शिकवता येईल. चाळीस विद्यार्थी, आठ छोटे लेख आणि दीड-दोनशे चिंचोके एवढे साहित्य पुरे. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक चिंचोका द्यावा. लेख वाचून आवडेल त्यासमोर तो ठेवायचा. निकाल फळ्यावर लिहावा. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या टाकून चौघांना प्रत्येकी २५ चिंचोके द्यावेत आणि उरलेल्या छत्तीस जणांना एकेक. एकूण १३६ पैकी १००, म्हणजे सुमारे ७४ टक्के चिंचोके चौघांकडे असतील. पुन्हा मतदान घ्यावे. तिसऱ्या फेरीत आणखी एक नियम जोडावा: जिंकणाऱ्या लेखाला आधी मत देणाऱ्या पहिल्या पाच जणांना बक्षीस म्हणून दोन-दोन चिंचोके.

प्रत्येक फेरीत एका विद्यार्थ्याने सगळी मते वहीत अचूक नोंदवावीत आणि ती वही सर्वांना पाहायला ठेवावी. शिक्षकांनी मात्र वहीकडे न पाहता मुलांच्या डोळ्यांकडे पाहावे. पहिल्या फेरीत मुलांची नजर कोठे होती आणि तिसऱ्या फेरीत कोठे गेली? लेखांवर, की त्या चौघांच्या हातांवर? खेळ संपल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: तिन्ही फेऱ्यांत वही तर बरोबरच होती, मग बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत द्यावे. पुढे कधी कोणी त्यांना ‘हे नवे तंत्र तुमच्या हाती सत्ता देईल’ असे सांगितले, तर ‘मते मोजताना तुम्ही काय मोजणार?’ असे त्यांनी उलट विचारले, की खेळाचे सार्थक झाले म्हणावे.